शून्य, सगळे हात आणि ब्लाइंड: घरच्या पत्त्यांत मोठ्या बोलीचे नियम कसे ठरवावेत

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच कोणी शहाणा माणूस बाहेर पडत नाही. पारा ४५ च्या आसपास, खिडक्यांना पडदे, कूलर घरघरतोय आणि हॉलमध्ये सतरंजीवर जजमेंटचा डाव, हे चित्र धरमपेठेतही दिसतं आणि महालातही. सुट्टीत अमरावतीचे, चंद्रपूरचे, पुण्याचे पाहुणे जमलेले असतात आणि प्रत्येक जण आपापल्या घरचे नियम सोबत घेऊन आलेला असतो. जजमेंटमध्ये खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आपण किती हात घेणार ते बोलायचं, आणि बरोबर तितकेच घ्यायचे. साध्या बोलीवरून कधी काही होत नाही. कोणीतरी "शून्य" बोलतं, नको असलेला एक हात पदरात पडतो आणि मग सुरू. "उणे दहा लिही." "कधी ठरलं बे हे?" "आमच्याकडे नुसता भोपळा देतात."

हा वाद डाव संपल्यावर मिटत नाही, कारण तोवर प्रत्येकाला कोणता नियम आपल्या फायद्याचा ते कळलेलं असतं. म्हणून पानं वाटायच्या आधी नियम ठरवायचे आणि लिहायचे. पण नुसतं "आधी ठरवा" म्हणून भागत नाही. काय ठरवायचं आणि आकडे कुठून आणायचे, ते खाली क्रमाने देतो.

आधी: मोठी बोली कोणती?

तीनच प्रकार धरा. एकही हात न घेण्याची, म्हणजे शून्याची बोली. सगळे हात घेण्याची बोली. आणि पानं न उचलता लावलेली, म्हणजे ब्लाइंड. बाकीच्या बोली खेळाच्या नेहमीच्या गुणांत बसतात, त्यांना वेगळे नियम लागत नाहीत.

मेंढीकोट यातून बाहेर ठेवा. तिथे मुळात बोलीच नाही. चारही दश्श्या आल्या की कोट आणि तेराच्या तेरा हात आले की बावन्न पानी. दरवर्षी कोणीतरी सुचवतं की "बावन्न पानी आधीच जाहीर केला तर डबल द्या". माझं मत, नको. कट हुकूममध्ये कोणाकडे तरी पान संपेपर्यंत हुकूम कोणता हेच ठाऊक नसतं, तेव्हा आधी जाहीर करणं म्हणजे निव्वळ नशीब. बंद हुकूममध्ये उलट होतं. ज्याने पान लपवलं त्याला एकट्यालाच हुकूम माहीत, म्हणजे जाहीर करायची खरी संधी त्याची एकट्याची.

पहिली पायरी: बोलीची किंमत काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेक घरांत दंड नि बक्षीस तोंडाला येईल ते ठरतं. कोणाला पन्नास आवडतात, कोणाला शंभर.

तीन आकडे कागदावर घ्या. बोली पुरी झाली तर किती मिळणार. फसली तर किती जाणार. आणि तीच पानं घेऊन साधी बोली लावली असती तर किती मिळाले असते. तिसरा आकडा लोक विसरतात, आणि खरी मेख तिथेच आहे. आता साध्या बोलीचे गुण आणि दंड यांची बेरीज करा, तिला बक्षीस आणि दंड यांच्या बेरजेने भागा. जे उत्तर येईल, निदान तितक्या वेळा बोली जमणार असेल तरच ती लावण्यात अर्थ आहे.

जुन्या, मुरलेल्या खेळांवर हे सूत्र लावून पाहा. ट्वेंटी-नाईनमध्ये साधा डाव जिंकला की १ गुण. 'सिंगल हँड' म्हणजे भिडूची पानं बाजूला ठेवून, हुकूम नसताना, एकट्याने आठही हात घ्यायचे. जमलं तर ३, फसलं तर उणे ३. एक अधिक तीन म्हणजे चार, भागिले सहा. उत्तर दोन तृतीयांश. म्हणजे तीनदा बोललात तर दोनदा तरी जमलं पाहिजे.

आता ब्रिज. इस्पिकच्या हुकुमावर, व्हल्नरेबल (म्हणजे दंड-बक्षीस वाढलेल्या स्थितीत) नसताना, बारा हातांची बोली लावून पुरी केली की ९८०. फक्त चार इस्पिक, म्हणजे दहा हात, बोलून बारा हात घेतले तर ४८०, म्हणजे ५०० चा तोटा. उलट बारा बोलून अकराच आले तर उणे ५०, आणि चारच बोलला असता तर ४५० मिळाले असते. तिथेही फरक ५०० चाच. म्हणजे बरोबर निम्मं. तेरा हातांच्या ग्रँड स्लॅमला १५१० मिळतात, पण बारा बोलून तेरा घेतले तरी १०१० येतातच. एक हात चुकला तर हातचे ९८० जाऊन वर ५० चा दंड. गणित केलं की पुन्हा दोन तृतीयांशच येतं.

एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन खेळ एकाच ठिकाणी येऊन थांबतात. त्यावरून मी घरासाठी एक पट्टा ठरवला आहे: उत्तर निम्मं ते दोन तृतीयांश यांच्यामध्ये पडलं पाहिजे. बक्षीस ५०, दंड काहीच नाही आणि साधी बोली ११ गुणांची, असा नियम केलात तर उत्तर २२ टक्के येतं. मग दर डावाला तिघं-चौघं शून्य बोलणार आणि खेळाची मजा जाणार. उलट बक्षीस २० आणि दंड ५० ठेवला, साधी बोली १२ गुणांची धरली, तर ८९ टक्के. तो नियम वहीत राहील, कोणी वापरणार नाही.

सूत्रात एक गोष्ट गृहीत आहे, की साधी बोली नक्की जमणारी आहे. ट्वेंटी-नाईनमध्ये सिंगल हँडच्या लायकीची पानं असली की ते खरंच असतं. जजमेंटमध्ये नसतं, कारण तिथे बोलीपेक्षा एक हात जास्त आला तरी भोपळाच. म्हणून जजमेंटसाठी तिसरा आकडा निम्मा धरा: ११ गुणांची बोली साडेपाच गुणांची समजा.

दुसरी पायरी: जजमेंटचे नियम

आपल्याकडे सगळ्यात जास्त खेळला जाणारा हाच. हुकूम क्रमाने फिरतो: काळी, चौकट, फुली, लाल, म्हणून काही जण त्याला काचुफूल म्हणतात. नेहमीचे गुण म्हणजे १० अधिक बोली, चुकलं तर काही नाही.

या पद्धतीत शून्याला प्रत्येक डावात १० मिळतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पाच जण बसलेत आणि एकेकच पान वाटलंय, तर पाचांतल्या चौघांना शून्य हात मिळणारच. तेच सात पानांच्या डावात सातही हात अंगावर न घेता निसटायचं म्हणजे कसरत आहे. दोघांना सारखेच १०, हे बरोबर नाही. त्यापेक्षा शून्याला ५ अधिक त्या डावातली पानं असे गुण द्या. एका पानाला ६, सात पानांना १२, दहा पानांना १५.

मोडलेल्या शून्याला दंड हवा का? चार किंवा जास्त पानांच्या डावात हवा, उणे ५. सात पानांवर तपासा: साडेपाच अधिक पाच म्हणजे साडेदहा, भागिले सतरा, येतात ६२ टक्के. पट्ट्यात बसलं. चारपेक्षा कमी पानं असतील तर शून्य ही साधीच बोली, तिला दंड नको.

सगळ्या हातांची बोलीही फक्त चार किंवा जास्त पानांनाच चालू ठेवा. गुण १० अधिक हातांच्या दुप्पट, फसली तर उणे १०. सात पानांत हे २४ होतात. तीच पानं घेऊन कोणी पाच हात बोललं असतं तर १५, निम्मे करून साडेसात. साडेसतरा भागिले चौतीस म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. लोक धाडस करतील, पण ऊठसूट नाही.

बहुतेक घरांत आणखी एक नियम असतो: वाटणारा शेवटी बोलतो, आणि सगळ्यांच्या बोलीची बेरीज पानांइतकी होईल असा आकडा त्याला बोलता येत नाही. चार पानांच्या डावात बाकीच्यांची बेरीज चार झाली की वाटणाऱ्याला शून्य बंद. तो कुरकुरतो, "माझ्याकडे दुर्री-तिर्रीच आहे, मी कुठून हात आणू?" सवलत देऊ नका. वाटायची पाळी सगळ्यांवर येते.

तिसरी पायरी: ब्लाइंड कोणाला आणि कधी

ब्लाइंड ही मागे पडलेल्याला वर यायची शिडी आहे. आघाडीवर असलेल्याला ती दिलीत तर तो मजेखातर बोलतो आणि बैठक पोरखेळ होऊन बसते. म्हणून मुभा फक्त गुणांत सगळ्यात शेवटी असलेल्याला, एका बैठकीत एकदाच, आणि चार किंवा जास्त पानांच्या डावात. गुण दुप्पट, दंडही दुप्पट. एका पानाच्या डावात ब्लाइंड शून्याला दुप्पट देणं म्हणजे फुकटची खिरापत.

यात एक फट आहे, ती आधीच बुजवा. ब्लाइंड बोलणारा पानं उचलायच्या आधी बोलतो, म्हणजे सगळ्यांच्या पुढे. तोच वाटणारा असेल तर शेवटी बोलायचा त्याचा नियम कुठे लावायचा? सरळ ठरवून टाका की वाटणाऱ्याला त्या डावात ब्लाइंड नाही. पुढच्या डावात बोलेल.

आणि "न बघता" म्हणजे खरंच न बघता. पानं जमिनीवर उलटी, हात मांडीवर. वाटताना एखादं पान दिसलं असेल तर ब्लाइंड गेलं. कोणावर संशय घ्यायचा नसेल तर शेजाऱ्याने पानांवर हात ठेवावा.

चौथी पायरी: भिडूच्या खेळात शून्य

मुलं फोनवर स्पेड्स शिकून येतात आणि मोठ्यांनाही ओढतात. चांगला खेळ आहे. हुकूम कायम इस्पिक, समोरासमोर भिडू, बोललेल्या प्रत्येक हाताला १०, डाव साधारण ५०० चा. शून्य जमलं तर १००, मोडलं तर उणे १००. ब्लाइंड शून्याला दोन्हीकडे २००, आणि ते बोलायला जोडी निदान १०० गुणांनी मागे असावी, असा नियम बऱ्याच ठिकाणी पाळतात. शून्याऐवजी एक हात बोलला असता तर १० मिळाले असते. सूत्र लावा: ११० भागिले २००, म्हणजे ५५ टक्के. आकडे चांगले आहेत, हात लावू नका.

नवशिक्याला शून्य कधी बोलावं ते समजावून सांगा, नाहीतर तो एक्का नाही एवढं बघून बोलतो. ही पानं पाहा. इस्पिकची छक्की आणि तिर्री. बदामचा राजा, सत्ती, चौकी, दुर्री. चौकटची नव्वी, पंजी, तिर्री. किल्वरची दश्शी, अठ्ठी, चौकी, दुर्री. राजा बघून भीती वाटते, पण त्याच्या खाली तीन लहान पानं आहेत. बदामची उतारी तीनदा झाली तरी राजा हातात राहतो, आणि भिडूकडे एक्का असेल तर त्याच्याखाली तो गुपचूप टाकताही येतो. इस्पिकची दोन्ही पानं बारकी. हे बोलण्यासारखं शून्य आहे. आता बदामची तीन लहान पानं काढून तिथे एकटा गुलाम ठेवा, उरलेली दोन पानं किल्वरमध्ये घाला. राजा-गुलाम दोघेच. बदाम दोनदा आला की दोघांपैकी एक तरी अंगावर येण्याची भीती. आणि इस्पिकच्या छक्कीच्या जागी राणी असेल तर बाकी पानं कितीही बारीक असू द्या, गप्प बसा.

खरं भांडण होतं ते मोडलेल्या शून्याने घेतलेल्या हातांवरून. ते भिडूच्या बोलीत मोजायचे का? भिडूने चार बोलले, त्याला तीनच आले, आणि शून्यवाल्याने चुकून एक घेतला. मोजला तर भिडूची बोली पुरी. माझ्या मते मोजू नये. मोजलात तर शून्य मोडताक्षणी तो खेळाडू मोकळा होतो, धडाधड हात घेऊन भिडूला तारतो, आणि उणे १०० चा डंख अर्धा उतरतो. त्याचे हात जोडीच्या जास्तीच्या हातांत धरा. जास्तीचा प्रत्येक हात १ गुण देतो, पण असे दहा साचले की उणे १००.

ब्लाइंड शून्यात पानांची अदलाबदल ठेवायची असेल तर दोन पानांची ठेवा, आणि क्रम लिहून ठेवा: शून्यवाला बोलून झाल्यावर पानं उचलतो, दोन पानं उलटी सरकवतो, भिडू ती बघतो आणि मग आपली दोन देतो. या वेळात तोंड बंद. "कोणता रंग नको?" असं विचारणं राहू द्या, भुवईदेखील हलवायची नाही. आमच्याकडे काकू अदलाबदलीच्या वेळी नेमकं "आज उकाडा फार आहे न" म्हणतात, आणि काका नेमकी बदामची मोठी पानं ठेवून घेतात. योगायोग असेल.

पाचवी पायरी: बोली ऐकू आली पाहिजे

वही एकाच्याच हातात. तो प्रत्येक बोली मोठ्याने परत म्हणतो आणि लिहितो: "भाऊजी दोन, मावशी शून्य, सोनू ब्लाइंड एक." लिहून झाली की बोली पक्की. पहिलं पान पडेपर्यंत लेखनिकाची चूक दुरुस्त करता येते, स्वतःची बोली बदलता येत नाही. "मी विचार करून राहिलो होतो, बोललो कुठे?" हे वाक्य टाळायला ठरवा की विचार मनात करायचा, तोंडातून आकडा निघाला की तीच बोली.

सहावी पायरी: चुका

साध्या डावात चूक झाली तर हसून सोडता येतं. मोठी बोली चालू असताना नाही. दोन नियम पुरेत. शून्यवाल्याने हातात पान असताना दुसऱ्याच रंगाचं टाकलं तर शून्य मोडलं, चर्चा नाही. तीच चूक समोरच्यांपैकी कोणी केली तर शून्य जमलं असं धरा, मग त्या चुकीने फरक पडलेला असो वा नसो. सगळ्या हातांच्या बोलीलाही हेच लावा. कडक वाटेल, पण "फरक पडला की नाही" हे शोधायला सगळे हात पुन्हा उलगडून बसावं लागतं आणि चहा थंड होतो.

पान उघडं पडलं तर ते सतरंजीवर उघडंच ठेवायचं आणि नियमाप्रमाणे खेळता येईल त्या पहिल्या संधीला खेळायचं. याला अपवाद एक: कूलरच्या झोताने उलटलेलं पान. ते खेळाडूची चूक नाही, परत हातात घ्यावं. शक्यतो कूलरच्या समोरची जागा रिकामीच सोडा.

डबल ठेवायचं का?

डबल म्हणजे "तुमची बोली फसणार" असं समोरच्यांनी म्हणून दंड चढवणं. ठेवा, पण एकदाच. पहिल्या पानाच्या आधी, फक्त समोरच्यांनी, फक्त "डबल" एवढाच शब्द. त्यावर बोलणाऱ्याने उलट चढवायचं रिडबल घरात नको. रागाच्या भरात लोक ते बोलतात आणि संध्याकाळचे सगळे गुण एका डावात जातात.

डबलचा दंड किती चढवायचा, यावर ब्रिजवाल्यांचा अनुभव कामाचा आहे. आजच्या ब्रिजची गुणपद्धत हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने १९२५ मध्ये बसवली. डबल झालेल्या बोलीत, व्हल्नरेबल नसताना, पहिला हात कमी पडला की १०० आणि पुढे प्रत्येकाला २००, असा दंड पुष्कळ वर्षं होता. मग हुशार मंडळींच्या लक्षात आलं की समोरचे १५१० चा ग्रँड स्लॅम करणार असतील तर आपण मुद्दाम अशक्य बोली लावून सात हात कमी पडू द्यावेत. १३०० जातील, २१० वाचतील. १९८७ मध्ये नियम बदलला आणि चौथ्या हातापासून दंड ३०० केला. त्याच सात हातांना आता १७०० जातात. घरी एवढी कोष्टकं नकोत. डबल झाल्यावर जितके हात चुकले, तितक्या पट दंड, एवढंच ठेवा, आणि तीन पटींवर थांबवा.

शेवटची पायरी: वरची मर्यादा आणि बदल

एका मोठ्या बोलीने पूर्ण खेळाच्या किती हिस्स्याची उलथापालथ व्हावी, तेही बघा. स्पेड्समध्ये ५०० चा डाव आणि १०० चं शून्य, म्हणजे एक पंचमांश. ट्वेंटी-नाईनमध्ये साधारण ६ गुणांवर खेळ संपतो आणि सिंगल हँडचे ३, म्हणजे थेट निम्मं. मला पहिलं प्रमाण आवडतं. लहान मुलं आणि आजी-आजोबा एकत्र बसलेत तर एक पंचमांशाच्या वर जाऊ नका, मागे पडलेला दुसऱ्या तासाला उठून मोबाइल घेऊन बसतो.

पैसे लावू नका. पैशांचा जुगार महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली येतो, हे एक. आणि पैसे आले की हे सगळे नियम अपुरे पडतात, हे दुसरं. हरणाऱ्याने सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालावेत, एवढ्यावर भागतं. पोळ्याच्या दिवसांत आणि गणपतीच्या जागरणाला तर हे विशेष लक्षात ठेवा.

नियम बदलायचा झाला तर बैठक चालू असताना बदलू नका. ज्याला खटकतो त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहावं, आणि पुढच्या बैठकीला पानं पिसायच्या आधी सगळ्यांनी हात वर करून ठरवावं. नवा आकडा सुचवणाऱ्याने सूत्र लावून उत्तर सोबत लिहावं. निम्म्याच्या खाली किंवा दोन तृतीयांशाच्या वर गेलं असेल तर मत घ्यायचीही गरज नाही.